मोटरीचा अंदाज

सूरजनं कडबाकुट्टीच्या मोटरीला नवा कंट्रोलर बसवला.

"आये, ह्यो पुढचं आधीच ताडतो. वैरण पात्याला लागायच्या आत मोटर जोर धरती."

"म्हंजी तुज्यापरीस शानी!" बनाबाई हसली. "तुला ताट पुढ्यात आल्याबिगर भूक कळत न्हाई."

पण खरंच, पेंढी नुसती जवळ आली की मोटर घुमायची. पाती अडकायची बंद झाली. बनाबाई वाडीभर कौतुक सांगत सुटली.

आज वैरण संपली, तरी यंत्र रिकामंच फिरत होतं. सून मंगल पात्यांपाशी वाकून सांडलेला चुरा गोळा करत होती. पदर खांद्यावरून घसरून पात्यांकडे लोंबत होता.

"मंगल, आधी बंद कर गं ते," बनाबाई ओट्यावरून ओरडली.

"करती की आत्या, एवढं झालं की."

तेवढ्यात रिकाम्या यंत्राच्या मोटरीनं जोर धरला.