अश्रूंचा दाखला

सासूबाईंच्या अंत्ययात्रेत विमलच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नाही. नणंद सिंधूताईंनी स्वतः धाय मोकलून रडता रडता ते सगळ्या भावकीच्या लक्षात आणून दिलं.

तेराव्याच्या आत विमलने डोळ्यांचे डॉक्टर गाठले. त्यांनी तिच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांनीही पट्टी कोरडीच. मग रक्ताचा रिपोर्ट बघून ते म्हणाले, "वीस वर्षांचा मधुमेह. त्यात रक्तातले सूज दाखवणारे आकडेही वाढलेत. डोळे कोरडे पडणारच."

"मग तसं लिहून द्या. मराठीत, शिक्का मारून."

तेराव्याला पंगत बसताच विमलने उभं राहून कागद मोठ्याने वाचला. "रुग्णास दुःख होते, परंतु अश्रू येत नाहीत." वाढणारे जागीच थांबले. "रोज सकाळी माझी साखर सासूबाईच तपासायच्या हो," एवढं बोलून ती हुंदके देऊ लागली. डोळे मात्र कोरडेच.

सिंधूताई पानावरून उठल्या आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटून हळूच म्हणाल्या,

"डॉक्टरांचा पत्ता दे गं. माझीही साखर तीनशेच्या खाली येत नाही. त्या दिवशी मी डोळ्यांना बाम लावला होता."