दहापैकी दहा

"पुन्हा नऊच!" बाईंनी तांबड्या पेन्सिलीने गोल काढला. "अहो, 'मॅरीड'च्या पुढे 'विथ' नाही, 'टू' येतं. रोज तुमचं तेच पालुपद!"

घड्याळजी ओशाळवाणे हसले.

शेजारी वही घेऊन बसलेल्या नर्सला राहवलं नाही. "काका, परदेशी जायची परीक्षा याच जन्मी द्यायचीय ना?"

"घाई काय आहे?"

"घ्या! आणि हे लोकांची मागे पडलेली घड्याळं वेळेवर आणून देतात."

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या इंग्रजीच्या शिकवणीत नियम एकच. दहा गाळलेल्या जागा, दहाही बरोबर आल्या की शिकवणी संपली. पाठीवर थाप, तोंडभर आशीर्वाद, आणि दुसऱ्या दिवसापासून दार बंद. तयार झालेल्याने खुर्ची अडवायची नाही. नर्स त्या दहासाठी देवाला साकडं घालत होती. घड्याळजींचं मागणं उलटं होतं. दहावी जागा ते रोज जाणूनबुजून चुकवत.

गेल्या वर्षापासून ते आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. चार वाजले की इस्त्रीचा सदरा घालून निघत आणि अर्धा तास आधीच फाटकाशी उभे राहत. बाईंची मुलगी निमूटपणे दार उघडी. मग तासभर टेबलाच्या पलीकडे बाई. रागावत, पण त्यांच्याशी बोलत. तेवढ्या शिदोरीवर उरलेला दिवस निघे.

दुसऱ्या दिवशी आधी वाक्प्रचार होते. "'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे?"

"चंद्र निळा पडला की," घड्याळजी म्हणाले.

"अहो, उंबराचं फूल!" बाई खळखळून हसल्या. ते हसूही आताशा उंबराचं फूलच झालं होतं. घड्याळजी बघतच राहिले.

मग गाळलेल्या जागा. बाई फिरत फिरत त्यांच्या मागे येऊन थांबल्या, वहीवर वाकल्या.

"तुमचं अक्षर कुठंतरी पाहिलंय मी."

घड्याळजींची पेन्सिल थबकली. "कुठं, बाई?"

बाई बराच वेळ अक्षराकडे पाहत राहिल्या. "नाही बाई आठवत," म्हणाल्या आणि नर्सच्या वहीकडे वळल्या.

घड्याळजींचं चित्त मात्र ठिकाणावर राहिलं नाही. हात आपला लिहीत गेला. वही बाईंच्या हातात गेली, तेव्हा कुठं त्यांना दिसलं: दहाव्या जागेत 'टू'.

"दहा!" बाईंचा चेहरा उजळला. पाठीवर थाप पडली. "यशस्वी व्हा. उद्यापासून यायचं नाही हं."

"बाई, आणखी आठवडाभर..."

"नियम म्हणजे नियम. उद्या तिथं नवा माणूस बसेल."

ते फाटकापर्यंत आले. मागोमाग मुलगी आली, दार हळूच ओढून घेत.

"किती पडले?"

"दहा."

तिने फाटकाची दांडी घट्ट धरली.

"बाबा, आता आईला तुम्ही कोण म्हणून सांगू?"