एकोणपन्नासावा प्रश्न

मंगळवार, १२ मार्च. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी चाचणी सुरू झाली. प्रश्न एकोणपन्नास, बरोबरी होऊ नये म्हणून संख्या मुद्दाम विषम ठेवलेली. ग्रंथालयाला दोन शोधप्रणालींपैकी एक निवडायची होती. नावं कळू नयेत म्हणून इंजिनिअरने दोन्ही पडद्यांच्या वरच्या कडेला कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या: डावीकडे ‘क’, उजवीकडे ‘ख’. वाचकांनी खरोखर विचारलेला प्रश्न दोन्हीकडे टाकायचा, सर्वांत वर आलेलं पुस्तक पाहायचं आणि जे अधिक उपयोगी, त्या अक्षरापुढे खूण करायची.

खूण करण्याचं काम पुस्तकांची सूची करणाऱ्या तालिकाकार बाईंकडे होतं. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला त्या सव्वीस वर्षं विषयशीर्षकं, म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या ओळी, देत आल्या होत्या.

दुसऱ्याच प्रश्नाला त्यांच्या लक्षात आलं. ‘क’ त्यांच्या शीर्षकांवरून पुस्तक शोधत होती. ‘ख’ला शीर्षकं लागतच नव्हती, ती पुस्तकातला सगळा मजकूर तपासत होती. अशी प्रणाली निवडली गेली तर विषयशीर्षकांचा विभाग महिनाअखेर बंद होणार, हे परिपत्रकात आधीच आलं होतं. विभागात माणसं दोन: बाई आणि अण्णा.

अण्णा साक्षीदार म्हणून शेजारी बसले होते. “आपल्याच गळ्याचं माप आपल्याच हातानं द्यायचं,” ते पुटपुटले. “शिंपी मात्र सभ्य मिळालाय हो.”

इंजिनिअर ओशाळून हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी तिसरा प्रश्न टाकला.

पावणेचारला अठ्ठेचाळीस प्रश्न संपले. इंजिनिअर फोन घेऊन बाहेर गेला होता. अण्णांनी दर खुणेला एक टाचणी टाकत टेबलावर दोन ढीग केले होते. त्यांनी ते बोटाने पुन्हा मोजले.

“चोवीस-चोवीस. बाई, आता डोळे मिटून ‘क’. निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत, तुमची सहा.”

“प्रश्न तर येऊ द्या, अण्णा.”

प्रश्न आला: ‘आई गेली, हे चार वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं?’

‘क’ने सर्वांत वर दिला एक जाडजूड प्रबंध: ‘बालमनावरील वियोगाचे परिणाम’. त्याचं विषयशीर्षक अचूक होतं. बाईंनीच दिलेलं.

‘ख’ने वर दिलं बत्तीस पानांचं चित्रांचं पुस्तक, ‘रिकामी ढोली’. त्याखाली आतलं एक वाक्य उमटलं होतं: ‘आई आता येणार नाही, हे खारीच्या पिल्लाला सांगायला कुणीच पुढे येईना.’

बाईंनी त्या पुस्तकाची जुनी नोंद उघडली. एकोणीस वर्षांपूर्वीची, त्यांच्याच हातची. विषयशीर्षक एकच: ‘खार – बालकथा’. त्या दिवशी पुस्तकांचे गठ्ठे आले होते. मुखपृष्ठावर खार होती.

“प्रबंध काही चुकीचा नाही,” अण्णा हळूच म्हणाले.

“नाहीच चुकीचा. पण ज्यानं विचारलंय, तो संध्याकाळी घरी जाऊन पोरासमोर बसणार आहे.”

बाईंनी खूण केली. पेन खाली ठेवलं.

अण्णांनी दोन्ही ढीग एकत्र लोटले आणि टाचण्या डबीत भरल्या. “चला, रोज सकाळी फिरायला जा म्हणून बायको मागे लागलीच होती,” ते म्हणाले, आणि डबीचं झाकण बराच वेळ लावत राहिले.

इंजिनिअर आत आला. त्याने कागद पाहिला, पट्ट्या सोलून काढल्या, मग पुन्हा कागद पाहिला.

“मॅडम, एका गुणाचाच फरक आहे. एखादा प्रश्न परत तपासायचा असेल तर...”

“नको. लिहा. क चोवीस, ख पंचवीस.”

त्या आपल्या टेबलावर गेल्या. ‘रिकामी ढोली’ची नोंद अजून उघडीच होती. ‘खार – बालकथा’च्या खाली त्यांनी एक ओळ घातली: ‘आईचा मृत्यू – लहान मुलांना सांगणे’. मधली रेघ जराशी लांब झाली. ती त्यांनी नीट केली.

इंजिनिअर मागे येऊन उभा राहिला. “मॅडम, नव्या प्रणालीत ही ओळ कुणी वाचणार नाही.”

“माहीत आहे.”

त्यांनी नोंद जतन केली. मग रोजच्या सवयीने दिवसाच्या कामाचा तक्ता उघडला, तारीख घातली आणि लिहिलं:

नवीन नोंदी : शून्य. दुरुस्त नोंदी : एक.