दहापैकी चार

“हे टेबल मला सारखं ढ म्हणतंय,” पाच वर्षांची वेणू अंगणवाडीच्या कुमुदताईंच्या कानाशी कुरकुरली. मणी ओवायला देऊन मुलांच्या हातांचं कसब मोजणाऱ्या यांत्रिक टेबलाने तिला तिसऱ्यांदाही दहापैकी चारच गुण दिले होते. चार म्हणजे यंदा पहिलीत प्रवेश नाही.

“तिन्ही वेळा चारच! यंत्र अगदी भरवशाचं आहे,” तपासायला आलेले साहेब खुशीत म्हणाले. वेणूला न्यायला आलेली आई तिचं दप्तर आवरू लागली. यंत्रापुढे कोण बोलणार!

वेणूने सगळे मणी ओवले होते; पण आईजवळ गजरे करते तसे, गप्पा मारत, मण्यांकडे न बघता. टेबल मात्र नजर हलली की गुण कापायचं.

कुमुदताईंनी भरलेली माळ साहेबांच्या हातात ठेवली.

“साहेब, यंत्र तिन्ही वेळा सारखंच चुकलंय.”