सपाट रस्ता

"सपाट हाय," सुग्रीव म्हणाला. "समुद्राच्या कडंकडंनं, नाकासमोर. बेचाळीस किलोमीटरात एक चढ न्हाई."

उत्तरेश्वरला ते आवडलं नाही. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून दोघं मॅरेथॉनचा बेत करत होते आणि फॉर्म भरायला उद्याचा एकच दिवस उरला होता. उत्तरेश्वरचे डोळे सहाव्या वर्षी गोवरात गेले. आज चव्वेचाळिशीला तो ही गिरणी एकट्याने चालवत होता, पीठ चिमटीत धरून जाड की बारीक ते सांगत होता आणि गेली नऊ वर्षं रोज पहाटे युसूफ वडगाव गावाकडच्या त्याच एका रस्त्याने पळत होता. त्याच्या मनगटाला सुग्रीवचं मनगट बांधलेलं, मधे हातभर सुती दोरी. "डावीकडं खड्डा," "गतिरोधक," "मागून गाडी," असं सुग्रीव सांगायचा आणि उत्तरेश्वर बिनघोर पळायचा. आंधळ्याने डोळे झाकून विश्वास ठेवावा असा तो एकच माणूस होता.

आयुष्यात एकदा पुरं बेचाळीस पळायचं, एवढीच उत्तरेश्वरची हौस होती. पण घाटात. केजला पोरांना पोलीस भरतीसाठी पळवणारा प्रवीण त्याला म्हणालाही होता, "काका, तुमी घाटातली मॅरेथॉन पळा, दोरी धरायला मी येतो."

"सपाट रस्त्यावर म्हातारी माणसं फिरायला जातेत बे," उत्तरेश्वर म्हणाला.

सुग्रीवने आपलंच घोडं पुढे दामटलं. "आपुन तीन दिस आगुदर जायचं. पुण्यापस्तोर एस्टी, तिथनं दुसरी. पैले दोन दिस समदा रस्ता चालून काढायचा. तिसऱ्या दिशी आराम."

"आदी चालायचं, मंग पळायचं? कावून?"

"रस्ता वळखीचा झालेला बरा."

दोरी धरायला डोळस माणूस असताना ओळखीचा रस्ता लागतो कशाला? उत्तरेश्वरला आतून लागलं. सुग्रीवचा आपल्यावरचा भरवसा उडाला, हे त्याला आज वाटत नव्हतं, बरेच दिवस वाटत होतं. पळताना हल्ली सुग्रीवच्या सूचना उशिरा यायच्या. उत्तरेश्वरचा पाय खड्डा चुकवायच्या बेतात असायचा, तेव्हा कुठे हा "खड्डा" म्हणायचा. गाडी बिघडली म्हणून वर्षभर पायीच यायचा. वर्षभर बिघडलेली गाडी उत्तरेश्वरने तरी ऐकली नव्हती. आज मोबाइलवरचा फॉर्मसुद्धा त्याने स्वतः वाचला नाही. चष्मा घरी राहिला म्हणाला आणि उत्तरेश्वरच्या लेकीकडून, चैतालीकडून वाचून घेतला. माणसाचं मन उडालं की असंच होतं.

"कटाळा आला आसंल तर तसं सांग," उत्तरेश्वर म्हणाला. "मी प्रवीणसंग घाटात जातो."

 सुग्रीव उठत म्हणाला, "सकाळी पळून येऊ. मंग तू म्हणशील तो फॉर्म भरू."

पहाटे उत्तरेश्वर रागातच पळाला. नेहमीपेक्षा जोरात, एक शब्दही न बोलता. सुग्रीव गुमान त्याच्या बरोबरीने येत होता. पूल मागे पडला आणि उत्तरेश्वरच्या नाकाला कच्च्या उसाचा गोडसर वास लागला. वास अगदी समोरून येत होता आणि जागचा हलत नव्हता. त्यात डिझेल मिसळलेलं होतं. उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असणार, पंक्चर झालेली. सुग्रीव आता बोलेल म्हणून त्याने पळता पळता वाट पाहिली. दहा पावलं गेली. वास दाट झाला. सुग्रीव बोलला नाही, वेगही कमी केला नाही, नाकासमोर पळतच राहिला.

उत्तरेश्वरने दोन्ही हातांनी दोरी ओढली आणि अंग डावीकडे झोकून दिलं. दोघंही रस्त्याखालच्या मुरमात आदळले. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या कांड्या सुग्रीवच्या कपाळावरून खरडत गेल्या.

"येवढी ट्रॉली दिसली न्हाई तुला?"

"न्हाई दिसली," सुग्रीव म्हणाला. त्याला धाप लागली होती. "दोन वर्सं झाली. लातूरचा डाक्टर म्हणला, डोळ्याची नस सुकली, इलाज न्हाई. उन्हात सावल्या दिसतेत. पहाटं तेबी न्हाई."

उत्तरेश्वरची पाचावर धारण बसली. दोन वर्षं. उसाचे ट्रॅक्टर, टँकर, एस्ट्या, सगळे रोज अंगाला वारा लावून गेले होते आणि तो या माणसाच्या डोळ्यांवर छाती काढून पळत होता. त्याने चाचपत सुग्रीवची कॉलर धरली. मारावंसं वाटत होतं.

"सांगितलं का न्हाईस?"

"तू दुसरा धरला आसतास. मंग पहाटं उठून मी कुठं जाणार व्हतो?"

मागून एक जीप येऊन ट्रॉलीला वळसा घालून गेली. उत्तरेश्वरने कॉलर सोडली नाही, पण हातातला जोर गेला. आता राग कमी आणि भीती जास्त होती. आपण जिवंत कसे, हेच त्याला कळेना.

"खड्डे तर समदे बराबर सांगत व्हतास," तो म्हणाला. "कशाच्या जीवावर सांगत व्हतास बे?"

"तुझ्याच," सुग्रीव म्हणाला. "खड्डा जवळ आला की तुझा हात आवळायचा, दोरी ताणायची, मंग मी म्हणायचो. समुद्राकडचा रस्ता तुझ्या पायाला ठाऊक न्हाई, म्हणून तर सपाट बघितला, आन् आदी चालून काढायचा म्हणलं."