खड्डे भरत गेले

लेझरच्या तिसऱ्या सिटिंगनंतर लेकीच्या गालांवरचे मुरमांचे खड्डे बुजू लागले. "आई, रस्त्यांच्या आधी माझेच बुजले बघ!" म्हणत ती हसली. कितीतरी वर्षांनी तिने तोंडाला रुमाल न बांधता दार ओलांडलं.

आठव्या दिवशी एकही खड्डा उरला नाही. नवव्या दिवशी हसतानाची खळी दिसेना. दहाव्या दिवशी कानांत डूल जाईनात. भोकंच बुजली होती.

मी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो ताई, खड्डे भरायलाच आला होतात ना? गुण छान येतोय."

"पण हे थांबणार कधी?"

त्यांनी फोन ठेवून दिला.

आज सकाळी लेक एकाच नाकपुडीने श्वास घेत होती. दुसरी गालासारखीच गुळगुळीत झाली होती. "देवा, पुरे कर रे आता," म्हणत मी तिला हलवून उठवलं. "तोंडाने श्वास घे गं, बाळा. तोंड उघड."

तिने डोळे उघडले आणि जोरजोरात मान हलवली. मी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं, मग नखाने चाचपलं. फट कुठेच लागली नाही.