मिटलेले पंजे

मांतुआच्या हिब्रू छापखान्यात त्या दुपारी पहिला कागद निघाला आणि दोल्चेत्ता दचकली. तिचा नवरा अझ्रिएल ज्यू पुरोहितांच्या घराण्यातला. आशीर्वादासाठी पसरलेले दोन पंजे हीच त्यांच्या छापखान्याच्या पुस्तकांची खूण. कागदावर मात्र दोन आवळलेल्या मुठी उमटल्या होत्या.

तिनं पंज्यांचा लाकडी ठसा चाचपला. त्यावर बोटं मोकळीच होती.

"शाई पसरली असेल, मालकीणबाई," छपाई करणारा म्हातारा झेराह म्हणाला. त्यानं दुसरा कागद काढला. मुठी आणखी घट्ट झाल्या होत्या.

अझ्रिएल नुकताच फेरारा गावाला जाणारी नाव पकडायला धक्क्यावर गेला होता. दोल्चेत्ता दाराशी जाऊन उभी राहिली.

दिवस मावळायच्या आत बातमी आली, नाव बुडाली. ती दारातच मटकन बसली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाशी अझ्रिएल दिसला, अगदी कोरडा.

"कुठं होतात तुम्ही!" ती रडत, हसत त्याच्यावर ओरडली.

"नाव चुकली गं. धक्क्यावर कुणीतरी मागून बाही धरली. वळून पाहिलं तर कुणी नाही, पण पाय उचलेना. नाव सुटली तेव्हा केवढ्या शिव्या घातल्या मी!" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि ऐक, जे कुणी आहे ते अजून बाही सोडत नाहीये."

दोल्चेत्तानं त्याच्या बाहीवर हात ठेवला. "पोचले हो ते घरी," ती बाहीकडे बघत हळूच म्हणाली.

तिच्या तळव्याखाली एकेक न दिसणारं बोट सैल होत गेलं.